बघ्यांची संख्या आणि गेविनचं लग्न

चौक, शनिवार, १ फेब्रुवारी

गेविन,

आधी काय घडलं ते लिहिते. निदान एवढ्यावर आपलं एकमत असावं.

१. माझ्या एम.ए.च्या प्रॅक्टिकलसाठी मला एक प्रयोग करायचा होता. विषय सामाजिक मानसशास्त्र. गृहीतक असं: रस्त्यात माणूस पडला, तर बघे जितके जास्त तितकी मदत कमी. कारण प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी करेल.
२. पडायला माणूस हवा होता. तू तयार झालास. संमतीपत्रावर तुझी सही आहे.
३. शनिवारी, १८ जानेवारीला, तू आपल्या चौक गावच्या बसथांब्यावर फिट आल्यासारखा पडलास. मी समोरच्या दुकानात सोड्याची बाटली घेऊन उभी होते आणि नोंद करत होते.
४. थांब्यावर अकरा माणसं होती. अकराही धावली. शिवाय बस थांबवून कंडक्टर उतरला.
५. तुला तीन चपला आणि एक कांदा हुंगवण्यात आला. कृष्णाबाईंनी मासळीच्या टोपलीतला कोयता तुझ्या मुठीत दिला. लोखंड म्हणून.
६. तू दोन मिनिटं पडून राहायचं ठरलं होतं. तिसऱ्या चपलेला तू उठलास.
७. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये, लग्नाआधी तीनदा नावं वाचतात त्यांत, तुझं आणि आयडाचं नाव दुसऱ्यांदा वाचलं गेलं. फादर नेहमीप्रमाणे म्हणाले, या लग्नाला कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर येऊन सांगावं. मिस्साची प्रार्थना संपल्यावर त्यांच्या दाराशी रांग लागली.
८. आयडाचे वडील, डॉमनिक अंकल, यांनी तिसरं वाचन थांबवायला सांगितलं.
९. तू म्हणालास, आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग की नाटक होतं. मी म्हणाले, प्रयोगाचा हाटकेशमधला भाग झाल्यावर.
१०. सोमवारी, २७ तारखेला, तू रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात कामाला निघून गेलास.

यात काही चुकलं असेल तर कळव.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस म्हणून हे पत्र. पत्ता मम्मीने आधी दिला नाही. बर्फाच्या कारखान्यात थंडी असते, त्याचा स्वेटर पाठवायचा आहे, असं सांगितल्यावर दिला. स्वेटर वेगळ्या पार्सलने येतो आहे.

नवव्या मुद्द्याबद्दल. मी 'नाही' म्हटलं नव्हतं. 'नंतर' म्हटलं होतं. चौकमध्ये अर्धी माणसं कमी ओळखीची असती तर प्रश्नच नव्हता. पण इथल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांत कामाला आहे. इथे खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते तिथे पोचलं असतं, आणि मग तिथे पडणाऱ्या माणसाकडे लोकांनी टाळ्या वाजवून पाहिलं असतं. गावातली मदत आणि अनोळखी वस्तीतली मदत, अशी तुलना करायची होती. अर्ध्या तुलनेला काही अर्थ नसतो. हे मी तुला त्या दिवशीही समजावलं. तू तेव्हा दार आपटलंस. तू लहानपणापासून तापट आहेस, त्यामुळे मी ते मनावर घेतलेलं नाही.

घरी ठीक आहे. मम्मी रोज एकदा विचारते, "मेगन, त्याला खरंच काय न्हाय ना गो?" संमतीपत्र दाखवलं. ते तिने नीट वाचलं आणि म्हणाली, "सही त्याचीच हाय. पन हात थरथरलाय बग."

लग्न २ मार्चला ठरलेलं आहे. ५ मार्चला राखेचा बुधवार, तिथून उपवासकाळ, म्हणजे ईस्टरपर्यंत लग्न नाही. आणि डॉमनिक अंकल 'ईस्टरनंतर बघू' म्हणाले तर त्याचा अर्थ काय, हे तुला माहीत आहे. तेव्हा वेळ कमी आहे. मी हाटकेश लवकर उरकते.

मेगन


चौक, शनिवार, ८ फेब्रुवारी

गेविन,

हाटकेश उरकलं. निकाल अपेक्षेप्रमाणे नाही.

तू नसल्यामुळे मी स्वतःच पडले. हे पद्धतीच्या दृष्टीने चूक आहे. चौकला पुरुष पडला आणि हाटकेशला बाई पडली, तर फरक जागेचा की पडणाऱ्याचा, हे कसं ठरवणार? मला हे पडण्याआधीही माहीत होतं. पण दुसरं कुणी तयार होईना. माझ्या ऑफिसमधली नेहा नोंद करायला आली होती. ती म्हणाली, "मी पडले असते गं, पण ड्रेस नवा आहे."

स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांसमोर, दुपारी, कामगार चहाला बाहेर आले तेव्हा मी पडले. वीसेक माणसं होती. पहिल्यांदा सगळं पुस्तकातल्यासारखं झालं. कुणी जवळ आलं नाही. दोघांनी मोबाइल वर धरले. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तेरी कंपनी की है क्या?" दुसरा म्हणाला, "अपने यहाँ लेडीज नहीं है." मग एक टेम्पोवाला खिडकीतून ओरडला, "मॅडम, इधर मत लेटो, गाडी रिवर्स आ रही है!" ही मदत मोजायची की नाही, यावर माझा आणि नेहाचा नंतर वाद झाला.

मी डोळे मिटून समाधानाने पडून होते. गृहीतक सिद्ध होत होतं. तेवढ्यात एक रिक्षा थांबली आणि ओळखीचा आवाज आला.

"आगं, ही तर मेगन! गेविनची बहीण! हिला पन हाय!"

आपला भूपेश. त्याला भाडं मिळालं होतं हाटकेशचं. मी ताबडतोब डोळे उघडले आणि म्हणाले, "भूपेश, मला काही झालेलं नाही, हा प्रयोग आहे."

"बोलू नको, बोलू नको. जीभ चावशील."

"भूपेश, ही नेहा. हिला विचार."

नेहाकडे बघून तो म्हणाला, "ताई, तुमी पाय धरा." नेहाने पाय धरले. तिचं म्हणणं, तो इतक्या अधिकाराने बोलला की तिच्या हातांनी आपोआप धरले. अधिकारवाणीपुढे माणसं कशी वागतात, यावर आमच्या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे.

त्याने मला रिक्षात घातलं, चप्पल नाकाशी लावली आणि एका हाताने रिक्षा चालवत, दुसऱ्या हाताने गावात फोन लावत चौकला आणलं. आपल्या दाराशी पोचले तेव्हा मम्मी, कृष्णाबाई आणि कांदा, तिघंही बाहेर उभी होती.

आता गावाचं मत असं: आधी नुसता तुझा प्रश्न होता. आता तो घराण्याचा आहे. डॉमनिक अंकलनी मम्मीला विचारलं की पप्पांना कधी असं काही व्हायचं का. मम्मीने प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला. प्रयत्न केला, हेच नडलं.

उद्या रविवार. मिस्सानंतर हॉलमध्ये मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगणार आहे. प्रयोगानंतर लोकांना सत्य सांगणं बंधनकारक असतं. मी ते कधीच टाळणार नव्हते.

मेगन


चौक, सोमवार, १० फेब्रुवारी

गेविन,

सांगितलं.

फादरनी हॉल दिला. मी प्रोजेक्टर नेला. चौकटी, बाण, तुझं संमतीपत्र, माझ्या गाइड मृणालिनी मॅडमची मंजुरी, सगळं पडद्यावर दाखवलं. मराठीत सांगितलं, सोपं सांगितलं. शेवटी म्हणाले, "गेविनला फिट येत नाही. मलाही येत नाही. आम्ही नाटक केलं. तुम्ही सगळ्यांनी मदत केलीत त्याबद्दल आभार, आणि फसवलं त्याबद्दल माफ करा. काही शंका?"

मग कृष्णाबाई उठल्या. त्या चर्चच्या नाहीत, पण कांदा त्यांचा होता म्हणून आल्या होत्या.

"पोरी," त्या म्हणाल्या, "येवढं समजवायला लागतं म्हंजे कायतरी हायच."

लोकांनी माना हलवल्या.

मी म्हणाले, "मावशी, मी सही दाखवली."

"दावलीस ना. भावासाठी कोन न्हाय करत? माज्या भावासाठी मी पन केलं असतं. शिकलेली असते तर."

मग चहा आला. तीन बायकांनी मला वेगवेगळं बाजूला घेऊन वसईच्या एका डॉक्टरचं नाव सांगितलं. तिघींनीही सांगितलं की हे कुणाला कळणार नाही.

मृणालिनी मॅडमना फोन केला. त्या हसल्या. मी त्या हसायच्या थांबेपर्यंत थांबले. त्या म्हणाल्या, हेही पुस्तकात आहे: समजुतीचा आधार काढून घेतला तरी समजूत उभी राहते, कारण तोपर्यंत माणसांनी तिच्यासाठी स्वतःचे दुसरे आधार शोधलेले असतात. कुणाला आठवलं की तू शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडला होतास. कुणाला आठवलं की तू बोटीवर एकदा एकटाच बसून समुद्राकडे पाहत होतास. कोळीवाड्यात समुद्राकडे पाहणं हेही लक्षण झालं.

मी म्हणाले, "मॅडम, मग उपाय काय?"

"प्रयोगाच्या आधी सावध करणं," त्या म्हणाल्या. "आता उशीर झालाय. तुझं गृहीतक चुकलं नव्हतं, मेगन. गाव चुकलं. तिथे बघे नव्हतेच. सगळे नातेवाईक होते."

हे मला सुरुवातीलाच कळायला हवं होतं. मी इथेच जन्मले आहे.

मेगन


चौक, गुरुवार, १३ फेब्रुवारी

गेविन,

स्वेटर परत आला. पत्रं परत आली नाहीत. म्हणजे तू पत्रं ठेवतोस. हा निष्कर्ष आहे, पुरावा नव्हे.

कांदा आता आपल्याकडे भाजीतही कमी वापरतात.

मेगन


चौक, सोमवार, १७ फेब्रुवारी

गेविन,

हे पत्र मोठं आहे. शेवटपर्यंत वाच.

हॉलमधल्या प्रकारानंतर माझ्या लक्षात आलं की मी चुकीचा प्रश्न धरून बसले होते. तुला फिट येते की नाही, हे पटवण्यात काही अर्थ नव्हता. खरा प्रश्न होता, येत असली तर कुणाला अडचण आहे? तो कुणीच कुणाला विचारला नव्हता.

म्हणून कलचाचणी घेतली. चिठ्ठीवर दोन प्रश्न. पहिला: समजा गेविनला फिट येते, तरी हे लग्न व्हावं का? दुसरा: गावातल्या बाकीच्या लोकांना काय वाटत असेल? नाव लिहायचं नाही, चिठ्ठी दुमडून बिस्किटांच्या डब्यात टाकायची. साठ घरं केली. कृष्णाबाईंची चिठ्ठी वासावरून ओळखू आली, सुक्या बोंबलांच्या. मी ती न उघडता बाकीच्यांत मिसळली. वास तसाच राहिला, आणि उघडताना सगळ्याच चिठ्ठ्यांना येत होता.

निकाल. पहिल्या प्रश्नाला सत्तावन्न घरांनी लिहिलं, व्हावं. एकाने लिहिलं, "व्हावं, पण पोरीला विचारा." दुसऱ्या प्रश्नाला बावन्न घरांनी लिहिलं, बाकीच्यांना चालणार नाही.

पुन्हा वाच. जवळपास कुणालाच अडचण नाही, आणि जवळपास प्रत्येकाला वाटतं की ती बाकी सगळ्यांना आहे.

काल संध्याकाळी कागद घेऊन डॉमनिक अंकलकडे गेले. ते ओसरीवर जाळं शिवत होते. मला पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली, मग जरा मागे घेतली, मी पडले तर लागायला नको म्हणून.

"अंकल, मला काही होत नाही."

"मी कुठं काय म्हनलं? बस तू. हळू बस."

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावला.

"ह्ये काय हाय?"

"गाव."

"मंग? गावाला काय म्हनायचं हाय?"

"गावाला काहीच म्हणायचं नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला म्हणायचं आहे."

त्यांनी आकडे बोट ठेवून वाचले. मग आवाज खाली आणून विचारलं, "माजी चिठी यात हाय?"

"असेल. नाव नव्हतं."

"मी लिवलेलं, व्हावं." आणि माझ्याकडे न बघता जाळ्याचा एक फासा उगाच सोडून पुन्हा घातला. "पोरगा चांगला हाय. मला काय अडचन? उद्या मलाच कायतरी झालं तर पोरीच्या आईनं मला टाकायचं का? पन लोक..."

"लोक म्हणजे कोण, अंकल? मी सगळ्यांना विचारून आले."

ते जाळ्यातली पुढची गाठ शोधू लागले. मीही बोलले नाही. मुलाखतीत प्रश्न विचारून झाला की गप्प राहायचं असतं, हे आम्हाला शिकवलं आहे. पण काल मी त्यासाठी गप्प नव्हते.

तेवढ्यात आयडा चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवला आणि कागद उचलून उभ्यानेच वाचला.

"साठ घरं," ती म्हणाली. "माझी चिठ्ठी कुठाय?"

"तू नमुन्यात नव्हतीस."

"का?"

"तुझा थेट संबंध आहे. तुझं उत्तर निःपक्ष नसतं."

"वा! लग्न माझं, आणि मीच नमुन्यात नाही. एवढी शिकलीस कशाला गं?"

अंकल हसले. गेल्या महिन्याभरात मी त्यांना प्रथमच हसताना पाहिलं.

मग तिने जे सांगितलं ते असं. त्या दिवशी ती बसमध्ये होती, खिडकीशी. तिने तुला पडताना पाहिलं. पडण्याआधी तू खिशातून मोबाइल काढून कठड्यावर ठेवलास, तोही पालथा, स्क्रीनला चरा जाऊ नये म्हणून. मग पडलास. "फिट येणारा माणूस मोबाइल जपून ठेवतो?" ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं. म्हटलं, ही मेगनचीच काहीतरी परीक्षा असणार."

हे मी समोर उभी राहूनही, पूर्ण लक्ष देऊनही, टिपलं नव्हतं.

"मग तू आजवर बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू सांगशील. तुझा प्रयोग."

"आणि मी सांगितल्यावर? हॉलमध्ये कुणी विश्वास ठेवला नाही तेव्हा?"

"तोवर तो निघून गेला होता," ती म्हणाली. "मग मला काय पडलंय? सांगू दे ज्याला सांगायचंय त्याला."

थांब्यावरच्या अकरा जणांत जे दिसलं नाही, ते 'दुसरं कुणीतरी करेल' शेवटी आम्हा दोघींत दिसलं. दोघीच होतो, तरी.

मी तिला विचारलं, खरंच फिट येत असती तर? ती म्हणाली, "तर काय? गोळ्यांची वेळ मी लक्षात ठेवली असती. पण न सांगता निघून जायच्या सवयीवर कुठली गोळी आहे?"

गेविन, ती लोकांवर रागावलेली नाही. फिटवर तर नाहीच. तिचा राग एवढाच की तिसरं वाचन थांबल्यावर तू सगळ्यांवर चिडलास, माझ्यावर चिडलास, आणि तिला एका शब्दाने न विचारता धरून चाललास की तीही त्यांच्यातलीच. म्हणजे चिठ्ठीवरच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तूही पहिल्या प्रश्नाला दिलंस. तिचे फोन तू उचलत नाहीस हे मला कालच कळलं. मला वाटत होतं, फक्त माझे.

आता माझ्याबद्दल, थोडक्यात. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू तापट आहेस. पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात आहे की दुसरा माणूस काही वावगं वागला की आपण कारण त्याच्या स्वभावात शोधतो, तो कुठल्या कोंडीत सापडला आहे हे बघत नाही. त्या प्रकरणाच्या परीक्षेत मला पूर्ण गुण आहेत. तुझी कोंडी मीच केली होती. आणि संमतीपत्रात मीच टाइप केलेली ओळ आहे, की भाग घेणाऱ्याला कधीही, कारण न देता, माघार घेता येईल. 'आत्ताच्या आत्ता सांग' म्हणालास तीच तुझी माघार होती. ती त्याच क्षणी मानायला हवी होती. मी तिला उद्धटपणा समजले.

म्हणून आज ती मानली. चौकची नोंद फाडली. हाटकेशची तिच्याशिवाय निरुपयोगी आहे, तीही फाडली. साठ घरांच्या चिठ्ठ्यांना मंजुरी घेतलेली नव्हती, त्यामुळे त्या परीक्षेत चालत नाहीत. मृणालिनी मॅडम म्हणाल्या, म्हणजे प्रॅक्टिकल पुढच्या वर्षी. मी हो म्हटलं. याचं तू वाईट वाटून घेऊ नकोस आणि आनंदही मानू नकोस. ही पद्धत आहे.

आज सकाळी फादरना भेटले. ते म्हणाले, "मेगन, फिट येणं ही चर्चच्या नियमात अडचण कधीच नव्हती. रांगेतल्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. प्रत्येक जण म्हणाला, मला ठाऊक आहे फादर, पण इतरांना सांगा." येत्या रविवारी, २३ तारखेला, तिसऱ्यांदा नावं वाचायला ते तयार आहेत. डॉमनिक अंकलनी त्यांना स्वतः फोन केला. तसं झालं तर लग्न ठरल्याप्रमाणे २ मार्चला होतं.

फादरना दोघांचा होकार हवा आहे. आयडाचा एका अटीवर आहे: तू तिला स्वतः फोन करायचा आणि स्वतः विचारायचं. मी मध्ये निरोप सांगायचा नाही, हेही तिनेच सांगितलं, त्यामुळे ती काय उत्तर देईल याचा अंदाज मी इथे लिहीत नाही. मला फोन केला नाहीस तरी चालेल. ब्लॉक काढायचा की नाही हा वेगळा प्रश्न आहे, त्याला मुदत नाही.

याला आहे. शनिवार, २२ फेब्रुवारी, संध्याकाळी सहापर्यंत आयडाला फोन कर, आणि होकार असो वा नकार, फादरना कळव.

मेगन